मायचा नाताळ

आम्हा खानदेशी माणसांचे समुद्राशी नाते तापीपुरते. मध्य प्रदेशात मुलताईला ती उगम पावते, चांगदेव, सारंगखेडा, प्रकाशा ही आमची गावे मागे टाकते आणि ७२४ किलोमीटरांची वाट चालून सुरतेच्या पलीकडे डुमसजवळ अरबी समुद्राला मिळते. शाळेच्या भूगोलात हे आम्ही पाठ केलेले असते. पण नदी समुद्राला गेली म्हणून तिच्या काठची माणसेही जातात, असे थोडेच आहे! नदीला मागे काही राखायचे नसते. शेतकऱ्याला बाग राखायची असते.

माझी माय अशीच तापीकाठी राहिलेली. माहेर शिंदखेडे तालुक्यातले, तेही नदीकाठचे. सासर चोपडे तालुक्यातले, तेही नदीकाठचे. एकाहत्तर वर्षे तिने ह्या पाण्यात धुणी धुतली, ह्या पाण्याला ओट्या वाहिल्या, ह्या पाण्याचे पूर पाहिले. पण हे पाणी शेवटी जाते कोठे, ते मात्र तिने कधी पाहिले नव्हते.

पाहणार तरी केव्हा? उन्हाळ्यात लग्ने. पावसाळ्यात मृगबागेची लावण. दसरा-दिवाळीच्या सुमारास कांदेबाग. उरला हिवाळा. शहरातल्या मंडळींना खानदेशाची थंडी म्हटली म्हणजे भरीत-पार्टी आठवते. पण केळीवाल्याच्या घरात डिसेंबर हा धास्तीचा महिना असतो. केळ हे उष्ण देशीचे झाड. पारा दहाच्या खाली घसरला की त्याची पाने पिवळी पडतात, वाढ थांबते, निसवायला आलेला घड पोंग्यातच अडकून बसतो. ह्याला आमच्याकडे ‘चरका बसला’ म्हणतात. शब्दच असा आहे की ऐकताना अंगाला बसतो. त्यावर औषध एकच, जागरण. रात्री विहिरीचे ऊबदार पाणी द्यायचे, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, वाऱ्याच्या अंगाला शेवरीची दाट ओळ राखायची. आमचे आबा चाळीस-बेचाळीस वर्षे डिसेंबरच्या रात्री असे बागेत वावरले. त्यांच्या डोक्याला बांधलेला मफलर आणि कपड्यांना येणारा धुराचा वास, हीच आम्हा भावंडांची हिवाळ्याची सुट्टी होती.

तसे पाहिले तर नाताळची सुट्टी आमच्याकडे सण म्हणून कधी आलीच नाही; ती आली कचेरीची सुट्टी म्हणून. इंग्रजी अमदानीत कोर्टे आणि कॉलेजे त्या आठवड्यात बंद असत, म्हणून वकील आणि प्रोफेसर मंडळींना सभा भरवायला तेच दिवस सोयीचे पडत. राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईस भरले ते १८८५ च्या डिसेंबरअखेरीस, आणि पुढेही कित्येक वर्षे तो आठवडा तिचाच ठरून गेला होता. १९३६ साली ह्याच नाताळच्या सुट्टीत जवाहरलालांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन आमच्या फैजपुरास भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. नंदलाल बसूंसारखा चित्रकार त्याच्या सजावटीसाठी बंगालमधून तेथे येऊन राहिला होता. आमचे आजोबा ते पाहायला बैलगाडीने गेले होते, असे घरात सांगत. म्हणजे नाताळात सारा देश एकदा खानदेशात येऊन गेला. खानदेशी माणूस मात्र नाताळात कोठे गेला नाही.

आता तसे राहिलेले नाही. जळगाव-धुळ्याची नोकरदार मंडळी डिसेंबरच्या अखेरीस मोटारी भरभरून अलिबाग, मुरुड, दापोली, मालवणकडे निघतात. त्यांच्या मुलांना समुद्र नवा राहिलेला नाही. आमच्या पिढीने मात्र कोकण प्रथम पाहिले ते पुस्तकातून. साने गुरुजी पालगडचे. त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. १९२४ साली ते अमळनेरास शिक्षक म्हणून आले आणि आमचेच होऊन राहिले. कोकणातल्या एका मुलाने आपल्या आईची गोष्ट सांगितली आणि खानदेशातल्या घरांघरांतून ती रडत रडत वाचली गेली. मीही धुळ्यास शाळामास्तर आहे. ते पुस्तक वर्गात वाचून दाखविताना माझ्या मनात दर वेळी येई, की त्या आईचे कोकण आपल्या मायला एकदा दाखवावे. पण डिसेंबर आला की आबा मफलर बांधीत, आणि विषय तेथेच संपे.

२०२३ च्या पावसाळ्यात आबा गेले. त्यानंतरचा हिवाळा आम्ही कसाबसा काढला. मी धुळ्यास, धाकटा भाऊ जळगावास नोकरीवर. बाग निम्म्याने करायला दिली होती. माय एकटी गावात राहिली. रात्री मोटार चालू झाल्याचा आवाज आला नाही तर ती उठून ओट्यावर येऊन बसे. दुसऱ्या वर्षी एक गिऱ्हाईक चालून आले. बागेची सगळी सात एकर जमीन आणि विहीर मिळून त्याने एक रक्कम सांगितली. रक्कम चांगली होती. भावाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, त्यात गैर काहीच नव्हते. जमीन मायच्या नावावर. तिने सही केली की झाले. “संक्रांतीपर्यंत सांगा,” असे गिऱ्हाईक म्हणून गेले. माय हो म्हणेना, नाही म्हणेना. विचारले की चुलीत लाकूड सारी.

अशा दिवसांत वसईहून माझ्या एका जुन्या मित्राचा फोन आला. शिक्षणाच्या दिवसांत नाशिकला आम्ही एका खोलीत राहत होतो. तो वसईचा ख्रिस्ती. निर्मळजवळ त्याचे घर. दर वर्षी नाताळला ये म्हणे, आणि दर वर्षी मी पुढच्या वर्षी येतो म्हणे. ह्या वेळी तो म्हणाला, “मायला घेऊन ये. माझ्या आईलाही कोणी बोलायला हवे आहे.”

मायचे पहिले उत्तर ठरलेले होते. “लोकेस्ना सन, आपुन कसाले जावानं?” त्यात ती माळकरी. परक्या धर्माच्या घरी चार दिवस राहायचे, जेवायचे, हे तिच्या मनात बसेना. शेवटी मी समुद्राचा विषय काढला. म्हटले, आपली तापी ज्या समुद्राला मिळते तोच हा. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठून तिने कळण्याचे पीठ चाळायला घेतले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेले हे पीठ बरोबर घेतले म्हणजे ती परगावी जाते, एवढे मला ठाऊक होते. पिठाबरोबर भरताची हिरवी वांगीही बांधली गेली. २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते पेपरात वाचून दाखविल्यावर ती म्हणाली होती, की वांगे चांगले आहे हे सरकारला आता कळले काय!

अमळनेरहून आम्ही रात्रीची गाडी धरली. हा लोहमार्ग तापीच्या दक्षिणेने पश्चिमेकडे जातो. नदी क्वचितच दिसते, पण उजव्या हाताला ती आपल्याबरोबर चालली आहे, हे मनात असते. दोंडाईचे गेले, नंदुरबार गेले. पहाटे उधन्यापाशी गाडी दक्षिणेला वळली आणि मी मायला सांगितले, “आता तापी सुटली. ती सरळ गेली, आपण वळलो.” तिने अंधारातच खिडकीबाहेर हात जोडले. बोरिवलीस उतरून लोकलने आम्ही उलटे नालासोपाऱ्यास आलो. वाटेत खाडीवरचा पूल लागला तेव्हा माय उभी राहिली. हाच समुद्र का, म्हणाली. “नाही, ही खाडी.” तिने मान हलविली, घाई करायची नाही असे तिने ठरविलेले दिसले.

सोपारा म्हणजे जुने शूर्पारक. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडलेले हे बंदर आज इमारतींच्या गर्दीत शोधावे लागते. पण रिक्षा तीन-चार मैल पश्चिमेला गेली आणि एकाएकी सावली सुरू झाली. नारळ, सुपारी, केळी, मध्येच गोड्या पाण्याचे बावखल, आणि रस्त्याच्या कडेला घरांच्या पडव्यांवर कागदी चांदण्या टांगलेल्या. माय म्हणाली, “ह्यास्नी दिवाई आथी शे.” ह्यांची दिवाळी येथे आहे. खरोखर दुसरे वर्णन करायला नको. आपण आकाशकंदील लावतो, ते चांदणी लावतात.

वसईचा हा मुलूख १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पाने तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे वर्षांत येथल्या पुष्कळ गावांनी ख्रिस्ती धर्म घेतला. पोर्तुगीज गेले, ही माणसे राहिली. आणि ती मराठी राहिली. घरात त्यांची कुपारी बोली, चर्चमध्ये मराठी मिस्सा. मराठीत ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज आणि कर्माने गोव्याचे. ते पुराण १६१६ साली छापले गेले. म्हणजे येशूची कथा मराठी ओवीत बसून चारशे वर्षे होऊन गेली. आणि आमच्या काळात ह्याच वसई तालुक्याचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आम्ही गेलो त्याच वर्षी, जुलै २०२४ मध्ये, ते वारले होते. मित्राच्या घरी त्यांचा विषय निघाला, की सगळे घरातले माणूस गेल्यासारखे बोलत.

‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज. पण तो एकटा आलेला नाही. पगार, चावी, घमेले, पाव, काजू, कोबी, बटाटा, फीत हे सारे त्याच गलबतांतून उतरले. केळीच्या बाजारात आबा आयुष्यभर ज्या ‘लिलावा’ला उभे राहिले तो शब्दही तिकडचाच. मी हे मायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, की मग इतके दिवस आपण त्यांचेच बोलत होतो, जेवायला काय हरकत?

मित्राची आई, आम्ही तिला मावशी म्हणू लागलो, मायपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. लाल चौकड्यांचे लुगडे, कपाळ मोकळे, हात कामाचे. तिने मायला दारातच “या ताई” म्हणून हाताला धरले आणि स्वयंपाकघरात नेले. एका कोपऱ्यात नवी कोरी भांडी घासून पालथी घातलेली होती. शेजारी वेगळी शेगडी. “ही तुमची. येथे मासळी-मटण काही शिवणार नाही. तुम्हाला वाटेल ते करा,” मावशी म्हणाली. मायने विचारायच्या आधीच उत्तर मिळाले होते. तिच्या चेहऱ्यावरचा तीन दिवसांचा ताण मी त्या क्षणी उतरताना पाहिला.

मग दोन दिवस फराळ चालला होता. हो, फराळच म्हणायचा. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्या. आमच्याकडे त्यांच्याच जातीच्या सांजोऱ्या असतात. कलकले म्हणजे मैद्याच्या गोळ्या फणीवर दाबून वळायच्या आणि तळून पाकात घोळायच्या. दूर खेड्यातून आलेली माझी माय आणि मावशीच्या सुना-नाती एका चटईवर बसून फण्यांवर कलकले वळत होत्या. मावशी तिची बोली बोले, माय अहिराणी बोले. दोन्हींत गुजरातीची छटा, आणि दोन्ही पुण्याच्या माणसाला अर्ध्या कळाव्यात अशा. पण त्या दोघींना एकमेकींचे सगळे कळत होते. मी मात्र अधूनमधून दुभाष्याचे काम करायला जाई आणि दोघीही मला बाजूला सारीत.

चोवीस तारखेच्या रात्री सारे घर मिस्सेला निघाले. मायला मी म्हटले, तू नीज. पण ती शाल घेऊन तयार. चर्चच्या अंगणात मुलांनी गोठा सजवला होता. गव्हाणीत बाळ, शेजारी आई, बाप, गाय, गाढव, मेंढरे. माय पुढे झाली, वाकून पाहिले, आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, “गायले कडबा नही टाका?” गव्हाणीत भाताचा पेंढा होता. ज्वारीच्या मुलखातल्या बाईला गायीपुढे पेंढा म्हणजे अर्धपोटी ठेवल्यासारखे वाटले. जवळची मुले हसली. मावशीच्या नातीने तिला समजावून सांगितले की येथे ज्वारी होत नाही. “बाळंतीन शे ती,” माय गायीकडे नव्हे, मरियेकडे बोट दाखवून म्हणाली, “थंडीना दिन शेतस. शेकोटी तरी पाहिजे.” आणि त्यानंतर तिने एक प्रश्न विचारला नाही. परका देव तिच्या लेखी घरचा झाला तो त्या गव्हाणीपाशी.

बारा वाजता घंटा वाजल्या. मी तिच्या कानाशी लागून सांगितले, की नाशिकला नारोशंकराच्या देवळावर जी मोठी घंटा आहे, गोदावरीला पूर आला म्हणजे लोक जिच्याकडे पाहतात, ती पोर्तुगीज घडणीची, वसईची लूट म्हणून तिकडे गेलेली. माय त्या देवळाखालून कितीदा तरी गेलेली होती. ती म्हणाली, “मंग तिले आठे याद येत व्हई का?” त्या घंटेला इकडची आठवण येत असेल का. मला उत्तर सुचले नाही. मराठ्यांच्या विजयाची ती खूण म्हणून मी वर्गात अभिमानाने सांगतो, आणि पुढेही सांगेन. पण माहेर सुटलेल्या बाईला घंटेचेही माहेर दिसते, हे मला त्या रात्री कळले.

नाताळच्या दुपारी मायने आपला हात दाखविला. भरीत भाजायला खानदेशात काड्या लागतात, तुरीच्या नाहीतर कपाशीच्या. वसईत त्या कोठल्या? मावशीच्या मुलांनी नारळाच्या वाळक्या झावळ्या आणून दिल्या. त्यांच्या भडक्यावर वांगी भाजली गेली, लाकडाने ठेचली गेली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात पडली. कळण्याच्या भाकरी मायने हातावर थापल्या. शेजारच्या घरांतून नाताळची ताटे येत होती; त्या प्रत्येक ताटातून परत भरीत गेले. “आम्ही दिवाळीला तुमच्या लोकांकडून फराळ घेतो, नाताळला परत करतो,” मावशी म्हणाली, “ह्या वर्षी हिशेब उलटा झाला.”

समुद्र आम्ही पाहिला तो त्याच दिवशी संध्याकाळी, कळंबच्या किनाऱ्यावर. सुरूची झाडे संपली आणि तो एकदम समोर आला. किनारा माणसांनी फुललेला. मुंबईची, गुजरातची, आणि बोलण्यावरून ओळखू आलेले एक कुटुंब चक्क धुळ्याचे. माय पदर सावरून बराच वेळ उभी राहिली. तिला भरून येईल, ती हात जोडील, अशी माझी कल्पना. तिने हात जोडलेही; तापी कोणत्या अंगाला, असे विचारून, उत्तरेकडे तोंड करून जोडले. पण नंतर ती जे बोलली ते शेतकरणीचे होते. “इतलं पानी, अन् एक वावर भिजत नही.”

आयुष्यभर जिने विहिरीत किती परस पाणी उतरले हे रोज पाहिले, तिला समुद्र पाहून हेच सुचायचे. आम्ही सुट्टीवाले लोक समुद्राला भव्य म्हणतो, अथांग म्हणतो. तिने त्याला कामाच्या तराजूत टाकले आणि तो हलका भरला. मग मावशीकडे वळून तिने विचारले, “तुमनी हिर कितली खोल शे?”

दुसऱ्या सकाळी दोघी वाडीत गेल्या. मीही मागोमाग होतो. मावशीची वाडी एके काळी मोठी होती. आता विहिरीभोवतीचा एक तुकडा राहिला आहे. पलीकडे चार मजली इमारती. त्या तुकड्यात सुपारी, पानवेली, आणि राजेळी केळी. वसईची सुकेळी ह्या राजेळीची. पिकलेली केळी सोलून काही दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी दंव पडायच्या आत घरात घ्यायची, मधासारखा रंग आला की गुंडाळून ठेवायची. कार्तिकात निर्मळला शंकराचार्यांच्या समाधिमंदिराची जत्रा भरते, तेथे सगळ्या जातिधर्मांचे लोक ती घ्यायला येतात. करणारी घरे मात्र थोडी उरली आहेत. मायने एक सुकेळे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि विचारले, की आमच्या केळीची अशी होतील का. “तुमची केळी फार रसाची. राजेळीच हवी,” मावशी म्हणाली.

मग माय कठड्यावर बसली आणि तिने सरळ विचारले, की बाकीची वाडी विकली तेव्हा काय वाटले.

मावशीने लगेच उत्तर दिले नाही. “वाईट झाले असे मी म्हणणार नाही, ताई,” ती म्हणाली. “पैसा आला. घर बांधले. दोघी मुली शिकल्या, एक नर्स होऊन परदेशी गेली. वाडीच्या पाण्यात मीठ येऊ लागले होते, उत्पन्न राहिले नव्हते. विकली नसती तर कर्जात गेलो असतो. पण विकली तेव्हा मुलगा म्हणत होता, सगळीच देऊ. मी म्हटले, विहीर नको. सकाळी उठल्यावर माणसाला जायला एक जागा लागते.”

एवढेच बोलणे झाले. वसईची हिरवाई राखायला येथे मोठी चळवळ झाली, फादर दिब्रिटोंनी त्यासाठी मोर्चे काढले, त्यावर पुस्तके आणि लेख आहेत. मी ते वाचलेले आहेत. पण विहिरीच्या कठड्यावरचे ते चार वाक्यांचे भाषण मला त्या सगळ्यांच्या बरोबरीचे वाटले, कारण त्यात विकणाऱ्यालाही शिव्या नव्हत्या.

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही आगाशी पाहिली, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पाण्यातला किल्ला पाहिला, वसईच्या किल्ल्यातल्या छपरे उडालेल्या चर्चमधून हिंडलो. १८०२ साली डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो ह्याच वसईला. मी मास्तरकीच्या सवयीने हे सांगत होतो. “म्हणजे राज्य दिधं त्यानी,” माय म्हणाली. “सही करीसन?” सही करून, असे मी म्हटले. ती पुढे चालू लागली.

निघताना मावशीने राजेळीचे दोन मुनवे खणून, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिले. डिसेंबर हा लावणीचा महिना नव्हे, हे मायला मावशीपेक्षा जास्त ठाऊक. तरी तिने ते तान्ह्या मुलासारखे मांडीवर घेतले.

परतीची गाडी दिवसाची होती. नवापूरला गाडी थांबते तेव्हा एक गंमत असते. ह्या स्थानकातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. एकाच बाकावर बसलेले दोघेजण दोन राज्यांत असू शकतात. मी ते दाखविले. मायने बाकाकडे पाहिले आणि म्हणाली, “हिर इकानी नही.”

मला क्षणभर संदर्भ लागला नाही.

“बाकीनं वावर तुम्ही दोन्ही भाऊ ठरावा. मन्ही ना नही. पन हिर अन् हिरजोडेना तुकडा नही.” विहीर आणि विहिरीजवळचा तुकडा नाही. नंदुरबार येईपर्यंत ती पुढे काही बोलली नाही.

हे वाचायला जितके सोपे आहे तितके घडायला नव्हते. गिऱ्हाइकाला जमीन हवी होती ती विहिरीसकट. विहिरीवाचून त्याला तिची किंमत निम्मी. संक्रांतीला त्याने नकार कळविला. भाऊ आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. वसईला नेऊन मी मायला भरविले, असे त्याला वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याने, ज्याची स्वतःची विहीर आहे, पलीकडची साडेचार एकर घेतली. पैसे कमी आले. पुतणीच्या फीचा उरलेला भाग मी आणि भाऊ मिळून भरतो आहोत. हा सौदा शहाणपणाचा झाला की नाही, ते हिशेब करणाऱ्यांनी ठरवावे. माय सकाळी उठते आणि विहिरीवर जाते, एवढे मी सांगू शकतो.

राजेळीचे मुनवे तिने घरी येताच विहिरीच्या दक्षिण अंगाला लावले, भोवती तुराट्यांचा आडोसा केला आणि आबांचा जुना मफलर डोक्याला बांधून रात्री तेथे धूर केला. जानेवारीत चरका बसलाच. एक मुनवा जळून गेला. दुसऱ्याची सगळी पाने पिवळी पडली, पण कोंब जिवंत राहिला. आज, ही दिवाळी येत असताना, ते झाड माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. अजून निसवलेले नाही. खानदेशच्या मातीत ते निसवेल का, घड धरील का, त्याची सुकेळी होतील का, ह्यावर गावात पैजा लागल्या आहेत. ‘लोक हसतात’ म्हणून मी तिला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, हसणाऱ्यांना एकेक सुकेळे देऊ.

ह्या दिवाळीला वसईला जायचा एक डबा तिने बांधून ठेवला आहे. त्यात सांजोऱ्या आहेत, कळण्याचे पीठ आहे, आणि चुलीजवळ जपून ठेवलेली कडब्याची एक लहानशी पेंढी. ती कशाला, असे मी विचारले नाही. तुम्हीही विचारू नये.